व्हिक्टोरियाकालीन पोशाख, थोड्या खर्चांत

वेष पालटून दुसऱ्याच्या रूपानें चार लोकांसमोर उभें राहण्याची हौस महाराष्ट्रास परकी नाहीं. बहुरूपी दारोदार हिंडत असे तेव्हां झोळींतील चार चिंध्या आणि रंगाची एक डबी एवढ्या भांडवलावर त्याचीं सारीं सोंगें निघत. रंगभूमीवर याच हौसेनें दुसरें टोंक गांठलें. गंधर्व नाटक मंडळीच्या नायिकेचा शालू खरा असे, अत्तर खरें असे आणि मंडळीच्या डोक्यावरील कर्जहि खरेंच होतें. हल्लीं शहरांतील तरुण मुलामुलींमध्यें या हौसेचा जो नवा अवतार दिसतो त्यास कॉस्प्ले म्हणतात. कादंबरींतील, चित्रकथेंतील किंवा चित्रपटांतील एखादें पात्र निवडावयाचें, त्याचा पोशाख आपल्या हातानें सिद्ध करावयाचा आणि तो घालून मेळाव्यास जावयाचें. शब्द इंग्रजी तुकड्यांचा असला तरी तो घडला जपानांत, १९८० नंतरच्या दशकांत. प्रथा मात्र शब्दाहून जुनी आहे. १९३९ च्या जुलै महिन्यांत न्यूयॉर्क येथें विज्ञानकथांच्या वाचकांचें पहिलें जागतिक संमेलन भरलें, तेथें फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस हीं दोघें भावी काळांतील माणसांचा वेष करून आलीं होतीं. ते पोशाख डग्लसबाईंनीं तयार केले होते. भारतांत अशा मेळाव्यांपैकीं कॉमिक कॉन हा २०११ सालीं दिल्लींत सुरू झाला आणि पुढें मुंबईंतहि भरूं लागला.

मेळाव्याचा दिवस जवळ आला कीं महाविद्यालयांत शिकणारी मुलगी घरीं विषय काढते. तिला राणी व्हिक्टोरियाच्या काळांतील एखादी नायिका व्हावयाचें असतें. आईबापांस तो काळ म्हणजे मखमल, लेस आणि बटणांच्या रांगा एवढाच ठाऊक असतो, आणि खर्चाच्या नुसत्या अंदाजानें विषय तेथेंच मिटतो. न मिटला तर कधीं कधीं त्याहून वाईट घडतें. दुकानांतून चकचकीत पॉलिएस्टरचा तयार झगा आणला जातो. त्याला मागें चेन असते आणि आंत कांहींच नसतें. तो पायांशीं लोळागोळा होऊन पडतो, अंगांत उकडतो आणि एका दुपारनंतर कपाटाच्या तळाशीं जातो. पैसे जातात तें जातातच, परंतु मुलीच्या मनांत जें पात्र असतें तेंहि उभें राहत नाहीं. आणि पुढच्या वर्षीं असा विषय काढण्याचा तिला धीर होत नाहीं. वास्तविक या काळचा पोशाख मध्यमवर्गीय घराच्या आटोक्यांत बसणारा आहे. मात्र पैसा कोठें घालावयाचा हें उलट्या क्रमानें ठरवावें लागतें : आधीं आंतली बाजू, मग आकार, आणि शोभा सर्वांत शेवटीं.

या क्रमाचें कारण त्या शतकाच्या इतिहासांतच सांपडतें. व्हिक्टोरिया राणीनें १८३७ पासून १९०१ पर्यंत राज्य केलें. या ६४ वर्षांत स्त्रियांच्या पोशाखाची आकृति इतक्या वेळां पालटली कीं ‘व्हिक्टोरियन झगा’ असें मोघम म्हणणें म्हणजे ‘मराठी जेवण’ म्हणण्यासारखें आहे. कोणत्या गांवचें, कोणत्या घरचें, हें विचारावेंच लागतें. १८४० च्या दशकांत खांदे उतरते, बाह्या घट्ट, कंबर पुढें टोंकदार आणि तिच्याखालीं घंटेच्या आकाराचा घेर अशी आकृति होती. तो घेर एकावर एक चढविलेल्या परकरांनीं उभा राही. पुढें घेर वाढत गेला, परकरांचें ओझें असह्य झालें, आणि १८५६ सालीं पोलादी कड्यांचा पिंजरा निघाला. त्यास क्रिनोलिन म्हणत. हा शब्द घोड्याचे केस आणि लिनन यांच्या फ्रेंच नांवांवरून आला, कारण पिंजऱ्याच्या आधींचे ताठ परकर त्या मिश्र कापडाचे असत. पिंजरा वजनास हलका खरा, परंतु आपला घेर कोठवर पसरला आहे हें तो घालणाऱ्या बाईस कळत नसे, आणि शेगडीच्या एका ठिणगीसरशीं सारें कापड पेट घेई. अशा अपघातांत त्या काळीं कित्येक स्त्रिया दगावल्या. १८७० नंतर घेर मागें सरकला आणि कमरेच्या पाठीमागें उशीसारखा फुगवटा आला. तो ओसरला आणि १८८३ च्या सुमारास पुन्हां आला. १८९५ च्या आसपास पाहावें तों पिंजरा नाहीं, उशी नाहीं, आणि सारा फुगवटा दंडावर चढून बसलेला!

तेव्हां कापडाच्या दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं दशक ठरलें पाहिजे. वीस पावलांवरून पाहणारास पोशाखाचा काळ कळतो तो आकृतीवरून. लेस चांगली कीं हलकी हें त्यास दोन पावलांवर आल्याशिवाय समजत नाहीं. रंगाचीहि तीच गोष्ट. १८५६ सालीं विल्यम पर्किन या १८ वर्षांच्या विद्यार्थ्यानें कोळशाच्या डांबरापासून कृत्रिम जांभळा रंग काढला आणि त्यानंतर झगझगीत रंगांची रांग लागली. त्यापूर्वींचे रंग वनस्पति, किडे आणि खनिजें यांपासून काढलेले असत. म्हणून १८४५ ची नायिका भडक किरमिजी रंगांत उभी केली तर तिच्या अंगावरची सारी मेहनत त्या एका रंगानें वाया जाते.

ज्यांना अगदींच थोड्यांत भागवावयाचें आहे त्यांना १८९५ नंतरचा काळ सोयीचा. उंच गळपट्टीचा पांढरा सदरा, काळा कळीदार घागरा, गळ्याशीं टाय आणि डोक्यास सपाट गवती हॅट एवढ्यावर त्या वेळची टंकलेखिका उभी राहते. परंतु घेरदार झग्याची हौस त्यांत फिटत नाहीं. ती फिटावी आणि खर्चहि आवरावा, यासाठीं एक युक्ति फार उपयोगी पडते : पात्र निवडतांना त्याचें उत्पन्न पाहावें.

शार्लट ब्राँटे हिची ‘जेन एअर’ ही कादंबरी १८४७ सालीं प्रसिद्ध झाली. तिची नायिका एका श्रीमंत घरीं मुलीस शिकविण्यासाठीं राहिलेली गव्हर्नेस. तिला पगार वर्षास ३० पौंड. लेखिकेनें स्वतःहि अशा नोकऱ्या केल्या होत्या, त्यामुळें पेटींत किती कपडे मावतात हें तिला पक्कें ठाऊक होतें. जेनजवळ नेहमींच्या वापराचा एक साधा लोकरी झगा, एक काळा रेशमी आणि एक फिकट करडा, एवढीच श्रीमंती आहे. पुढें तिचा धनी तिला लग्नासाठीं भारी रेशमी कापड घेऊन देण्याचा हट्ट धरतो, तेव्हांहि ती भडक तागे नाकारून काळें आणि करडेंच निवडते. साधा झगा हा येथें गरिबीचा तडजोडीचा मामला नसून पात्राच्या स्वभावाचा भाग आहे. अशा नायिकेच्या अंगावर स्वस्त लेस चढविणें ही तिच्यावर दुहेरी जबरदस्ती होय. कथेंतील घटना प्रकाशनाच्या कांहीं वर्षें आधींच्या आहेत, त्यामुळें एखादा काटेकोर जाणकार बाह्यांवरून वाद घालील; परंतु १८४७ च्या वेषांतील जेन कोणाहि वाचकास ओळखूं येते, आणि तेवढें पुरे आहे.

पात्र ठरल्यावर वही घ्यावी. जी रक्कम घरांतून मंजूर झाली असेल तिचे शंभर भाग कल्पून निम्मे वरच्या कापडास, पंचवीस आंतल्या कपड्यांस, पंधरा दोरा, हूक, दोरी, फीत अशा किरकोळ जिनसांस आणि उरलेले दहा न योजलेल्या अडचणीस राखून ठेवावे. शोभेच्या वस्तूंचा रकानाच घालूं नये. तो घातला कीं भुलेश्वरच्या किंवा तुळशीबागेच्या एका फेरींत बाकीचे रकाने त्यांत बुडून जातात.

वरचें कापड हा खर्चाचा मोठा भाग, आणि नेमक्या येथेंच मराठी घरास एक सोय आहे, जी लंडनमधील शिवणाऱ्या मुलीस नाहीं. १८४० च्या दशकांतील घागऱ्याला कळ्या नसत. सरळ पट्टे एकमेकांस जोडून सुमारे साडेतीन मीटर घेराची एक लांब चौकट करीत आणि ती वरच्या कांठाशीं चुणून कमरेस बसवीत. बाजारांतील सामान्य सुती कापडाचा पन्हा ४४ इंच असतो. तें घेतलें तर तीन पट्टे कापून जोडावे लागतात. साडीचा पन्हाहि जवळजवळ तेवढाच, ४५ इंच, म्हणजे सुमारे ११५ सेंटिमीटर. साडी आडवी धरली तर तिची लांबी हा घेर होतो आणि पन्हा ही घागऱ्याची उंची होते. साडेपांच मीटरांच्या साडींतून घेरासाठीं ३ मीटर ३० सेंटिमीटर कापून घेतलें कीं त्यास जोड एकच लागतो, आणि उरलेल्या सव्वादोन मीटरांत चोळीचा भाग व बाह्या निघतात. मध्यम उंचीच्या मुलीस कमरेपासून खालीं सुमारे ९८ सेंटिमीटर पुरतें. बाकीच्यांतून खालची दुमड आणि वरची घडी सहज भागते. मुलगी उंच असेल तर खालची दुमड आंतून वेगळ्या कापडाची लावावी. त्या काळीं तसेंच करीत.

साडी निवडतांना अट एकच : ती न चमकणारी असावी. करड्या, काळ्या किंवा मातकट तपकिरी रंगाची साधी सुती साडी, विशेषतः पुष्कळ धुण्यांनीं मऊ पडलेली, लोकरी कापडासारखी दिसते आणि मुंबईच्या हवेंत जीव घाबरा करीत नाहीं. बारीक कांठ असेल तर भिण्याचें कारण नाहीं. पुढच्याच दशकांत, १८५० नंतर, कांठाची नक्षी मुद्दाम विणून किंवा छापून आणलेलीं झग्याचीं कापडें युरोपांत फार चालत. कांठ खालीं घेरावर येऊं द्यावा. जरीचा कांठ मात्र उसवून बाजूस ठेवावा. पदराचा वेगळा विणलेला भाग आंतल्या पट्ट्यांस वापरावा. आजीची नऊवारी मिळाली तर कापड उरून पडतें; परंतु आजीस विचारून घ्यावी, हें सांगणें नकोच.

आतां आंतल्या बाजूकडे वळावयाचें. ज्या घरांत परकर शिवतां येतो त्या घरांत या पोशाखाचें अर्धें काम आधींच येत असतें. सरळ घेर, वर नेफा, नेफ्यांत नाडी, खालीं दुमड, हीच त्या काळच्या विलायती परकराचीहि रचना. त्या काळीं चार-चार, सहा-सहा परकर घालीत. येथें तीन पुरतात. दुहेरी पलंगाची ९० इंच रुंद व १०० इंच लांब अशी जुनी चादर घेऊन ती लांबीच्या दिशेनें मधोमध कापली कीं अडीच मीटर घेराचे दोन परकर निघतात. प्रत्येकाची उंची ४५ इंच, म्हणजे हवी त्याहून वीतभर जास्त. ही वीतभर जागाच कामाची आहे. पहिल्या परकराची खालची दुमड तेवढी रुंद घ्यावी आणि तिच्या दोन पदरांमध्यें तीन मिलिमीटर जाडीची सुती दोरी घालून, दोरीच्या दोन्ही अंगांनीं टीप मारीत, एकावर एक बारा ओळी कराव्या. तीस मीटर दोरी लागते आणि तीन संध्याकाळी जातात. पिंजरा निघण्यापूर्वीं घेर ताठ ठेवण्याचा हाच उपाय होता. दुसऱ्या परकरावर आडव्या चुण्या घालाव्या. दोन्ही परकर साबुदाण्याच्या खळींत बुडवून, वाळवून, किंचित् ओलसर असतांना इस्त्री करावे. तिसरा परकर वरून घालावयाचा, म्हणजे दोऱ्यांच्या ओळी घागऱ्यावर उमटत नाहींत. तो साधा, घरांत असेल तो चालतो. तिन्ही नाड्या एकाच रेषेवर बांधल्या तर कमरेशीं दोरखंडासारखी वळी येते, म्हणून प्रत्येक नाडी आधीच्या नाडीहून बोटभर खालीं बांधावी. मागच्या बाजूस चिंध्या भरलेली, चंद्रकोरीच्या आकाराची लहानशी उशी नाडीनें बांधली कीं कंबर आपोआप बारीक दिसूं लागते.

कंबर बारीक दिसणें आणि ती आवळणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कॉर्सेटच्या नांवानें पुष्कळ आया घाबरतात, आणि जी मुलगी प्रथमच घालणार आहे तिनें दिवसभर आवळून घेऊं नये हें खरेंच. परंतु या पोशाखास कॉर्सेटचें मुख्य काम आवळण्याचें नाहीं. चोळीवर सुरकुत्या पडूं न देणें हें आहे. तेवढें काम जाड अस्तर आणि शिवणींतून घातलेल्या काड्या करतात. त्या काळीं देवमाशाच्या तोंडांतील लवचिक पट्ट्या वापरीत. आज विजेच्या दुकानांत तारा बांधावयाचे रुंद प्लास्टिकचे केबल टाय मिळतात, ते तशाच रीतीनें वांकतात. टोंकें कानशीनें गोल करावीं, नाहींतर तीं कापड भेदून बाहेर येतात, बहुधा ऐन मेळाव्यांत.

साऱ्या पोशाखांत कठीण काय, तर चोळीची बेतणी. येथें घाई केली कीं साडी वाया जाते, आणि साडी दुसरी नसते. म्हणून वरच्या कापडास कात्री लावण्यापूर्वीं मांजरपाटाची किंवा जुन्या चादरीची एक कच्ची चोळी अंगावर बेतून घ्यावी. खांद्याची शिवण माथ्यावर न ठेवतां बोटभर पाठीकडे सरकवावी. मुंढा खांद्याच्या हाडाखालीं उतरवावा. पुढें कमरेकडे निमुळते होत जाणारे दोन-दोन टक्स घ्यावे. पुढचें टोंक कमरेच्या रेषेखालीं चार बोटें उतरूं द्यावें. टांचण्यांनीं बसवीत, उसवीत, पुन्हां बसवीत ही चोळी निर्दोष झाली कीं तिच्या टांचण्या काढाव्या, तुकडे सुटे करावे आणि प्रत्येक तुकडा साडीच्या कापडावर ठेवून त्याबरहुकूम कापावा. मग दोन्ही तुकडे एकत्र धरून एकच कापड समजून शिवावे. म्हणजे कच्ची चोळी फुकट न जातां तिचेंच अस्तर होतें. एकोणिसाव्या शतकांतील शिंपिणी नेमकें हेंच करीत : अस्तर आधीं अंगावर बेतीत, आणि तें बसल्यावरच मोलाच्या कापडास हात लावीत. काटकसर आणि अस्सलपणा येथें एकाच कात्रीनें साधतात.

नमुना कोठून आणावयाचा, ही अडचणहि मोठी नाहीं. मापाप्रमाणें लहानमोठे कापलेले बटेरिकचे कागदी नमुने अमेरिकेंत १८६३ सालीं निघाले. त्याआधीं घरोघरीं जुना झगा उसवून त्यावरूनच नवा बेतीत. १८३८ सालीं लंडनला निघालेल्या ‘द वर्कवुमन्स गाइड’ या पुस्तकांत साध्या घरांतील शिवणाचे पुष्कळ आराखडे आहेत. जॅनेट अर्नल्ड या विदुषीनें संग्रहालयांतील खरे झगे मोजून काढलेल्या आराखड्यांचें पुस्तक १९६४ सालीं प्रसिद्ध केलें. मोठ्या ग्रंथालयांत तें पाहावयास मिळालें तर एक दुपार त्यासाठीं द्यावी. तयार नमुना विकत घेण्यापेक्षां अंगास बरोबर बसणारा एक जुना ब्लाउज उसवणें स्वस्त पडतें. मूळ मापें त्यांतून मिळतात आणि आकारांतला फरक आराखडा पाहून करतां येतो.

बाह्या घट्ट आणि उरेब कापलेल्या असाव्या, म्हणजे कोपर वांकतांना कापड ताण खातें. चोळी मागून हुकांनीं मिटते. अर्थात् घालतांना दुसऱ्या माणसाचा हात लागतो. बहुधा तो हात सुरुवातीस या बेतास विरोध करणाऱ्या आईचाच असतो.

घागरा कमरेस बसविण्याची रीत वेळखाऊ आहे, परंतु पैसा मुळींच मागत नाहीं. वरचा कांठ आंत दुमडावा आणि त्यावर धांवदोऱ्याच्या तीन समांतर ओळी घालाव्या, अशा कीं तिन्ही ओळींतील टांके एकाखालीं एक, अगदीं सारखे यावे. पाऊण सेंटिमीटरचा टांका ठीक पडतो. मग तिन्ही दोरे एकदम ओढले कीं साडेतीन मीटरांचें कापड बाजाच्या पेटींतील भात्यासारखें मिटत मिटत सत्तर सेंटिमीटरांवर येतें. प्रत्येक चुणीचें टोंक हातानें कंबरपट्टीस टांचावें. यंत्रानें दाबून शिवलें तर चुण्या चपट्या होतात आणि घेर खालीं मान टाकतो. हातानें टांचलेली चुणी कमरेपासून सरळ बाहेर झेप घेते, आणि घंटेचा आकार त्या झेपेंतच आहे. ज्या मुलीकडे शिवणयंत्र नाहीं तिनें खंत करूं नये. इलायस हॉव याला शिवणयंत्राचें पेटंट अमेरिकेंत १८४६ सालीं मिळालें आणि सिंगरचें यंत्र १८५१ मध्यें आलें. जेनचा झगा हातशिवणीचाच असणार. लांब, आंतल्या, कोणास न दिसणाऱ्या शिवणी यंत्रावर मारल्या म्हणून मात्र कोणी पाप लावीत नाहीं.

आतां उरली शोभा. तिच्यासाठीं वहींत रकाना नव्हता, आणि लागतहि नाहीं. १८४० च्या दशकाची खूण म्हणजे शिवणींतून घातलेला बारीक गोट. उरलेल्या कापडाच्या उरेब पट्ट्या काढाव्या, त्यांत परकराची उरलेली दोरी घालावी आणि मुंढा, गळा व कमरेची रेषा यांच्या शिवणींत ती दाबून शिवावी. रंग तोच, कापड तेंच. पण शिवणीस धार येते आणि पोशाख एकदम कसबी हातचा वाटूं लागतो. गळ्यास पांढरी सुटी कॉलर आणि मनगटास पांढऱ्या पट्ट्या टांचाव्या. झगा वारंवार धुतां येत नसे, मळ कॉलरनें झेलावा आणि कॉलर तेवढी धुवावी, अशी ती व्यवस्था होती. वडिलांच्या बाद झालेल्या पांढऱ्या सदऱ्याची पाठ यासाठीं उत्तम. गळ्याशीं एक लहानसें ब्रूच लावावें. जेनच्या अंगावर याहून अधिक दागिना शोभणार नाहीं.

केसांचा टोप विकत घेण्याचें तर कारणच नाहीं. मधोमध भांग, दोन्ही बाजूंचे केस चापून कानांवरून मागें नेलेले आणि मानेवर खालीं अंबाडा. महाराष्ट्रांतील आजींच्या जुन्या छायाचित्रांत हीच केशरचना दिसते. शालीची कथा याहून गमतीची आहे. काश्मिरी शालींचें विलायतेंत इतकें वेड होतें कीं त्यांच्या नकला स्कॉटलंडमधील पेस्ली गांवांत यंत्रांवर विणूं लागले, आणि आपल्याकडील कोयरीला साऱ्या इंग्रजी जगांत त्या गांवाचेंच नांव पडलें. तेव्हां घरांतील कोयऱ्यांची जुनी शाल १८४७ च्या खांद्यावर अगदीं योग्य ठिकाणीं बसते. गव्हर्नेसला अस्सल काश्मिरी परवडत नव्हती. यामुळें शाल नकली निघाली तर उलट अधिक बरोबर.

मेळाव्याच्या आठ दिवस आधीं पोशाख सबंध घालून घरांत तासभर वावरावें. बसावें, जिना चढावा, पाणी प्यावें. उतरत्या मुंढ्यामुळें हात खांद्यावर जात नाहींत हें तेव्हांच कळतें. या चोळींत लोकलच्या कड्यास लोंबकळतां येणार नाहीं. म्हणून घरून साधे कपडे घालून निघावें आणि पोशाख पिशवींतून न्यावा. पिंजरा नसल्याचा फायदा येथें दिसतो : नाड्या सोडल्या कीं तिन्ही परकर घडी होऊन एका पिशवींत मावतात. खालचा घेर जमिनीपासून तीन बोटें वर ठेवावा. सरकत्या जिन्याच्या दांत्यांत सुती कापड क्षणांत ओढलें जातें. त्या जिन्यावर घेर दोन्ही हातांनीं उचलून धरावा, किंवा सरळ दगडी जिन्यानें जावें. खाद्यपदार्थांच्या शेगड्यांपासूनहि दूर राहावें. १८६१ सालीं अमेरिकन कवि लाँगफेलो याची पत्नी अंगावरील वस्त्रें पेटूनच गेली, आणि साडीचें सूत आजहि तसेंच जळतें. पिशवींत सुई, ओंवलेला दोरा आणि अर्धा डझन सेफ्टी पिना असाव्या.

परतल्यावर हा पोशाख कपाटाच्या तळाशीं जात नाहीं. घेराला कात्री लागलेलीच नसते. धांवदोऱ्याच्या तीन ओळी उसवल्या आणि दुमड सोडली कीं ३ मीटर ३० सेंटिमीटर सलग कापड हातीं परत येतें. १८४७ च्या घरांतूनहि झगे असेच उसवीत, उलटे करून पुन्हां शिवीत, काळे रंगवून सुतकास वापरीत, आणि शेवटीं मुलांसाठीं कापीत. चोळीस हवा देऊन ती हँगरवर टांगावी, काड्या वांकतील अशी घडी करूं नये. परकर मात्र खळ धुऊन काढल्याशिवाय ठेवूं नयेत. खळीवर कसर लागते, आणि दोऱ्यांच्या बारा ओळी पुन्हां घालण्यास पुन्हां तीन संध्याकाळी लागतात.